दगड उभा होईपर्यंत

मी मूल तालुक्यातला, धानाच्या बांधीत वाढलेला. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीची भांडी घासून व्हायच्या आत पोरं वारस लावायला तलाठ्याकडे धावतात. कृषी सहायक म्हणून भामरागडला बदली झाली, तेव्हा जगात सगळीकडे असंच चालतं अशी माझी समजूत होती.

शेतकऱ्यांच्या खात्यात सरकार जे हप्ते टाकतं, ते घेणारी माणसं हयात आहेत का, हे गावोगाव फिरून पाहायचं काम माझ्याकडे आलं. नदीपलीकडच्या गावात एका माडिया आदिवासी बाईच्या दारात उभा राहून मी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. आहेत का म्हणून विचारलं.

“हाय न. घरीच हाय.”

“मग बोलवा की.”

ती मला आत घेऊन गेली. कोपऱ्यात पानावर भात वाढलेला होता. जेवणारं कुणी नव्हतं.

नवरा आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता. नदीला पूर, रस्ता बंद, दवाखाना पलीकडे. पण त्यांच्या रीतीत मेलेल्याच्या नावानं दगड उभा करून नात्यागोत्याला जेवू घालेपर्यंत तो घर सोडत नाही. रोज आधी त्याला वाढायचं, मग आपण जेवायचं. दगडाचा खर्च जमेपर्यंत कुणाचं वर्ष जातं, कुणाची चार.

“मग हे पैसे?” मी विचारलं.

“त्याचे हायेत. बँकेतच हायेत. त्याच्या दगडाले ठेवले.”

बियाण्यासाठी तिनं कोंबड्या विकल्या होत्या. बँकेतल्या त्या पैशांना हात लावायचा विचार मात्र केला नव्हता. मला भरून आलं, आणि रागही आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

मी जे पाहिलं ते सगळं लिहून दिलं. तालुक्याच्या साहेबांनी त्यातला एकच शब्द उचलला, मयत. नवरा गेल्यानंतरचे हप्ते खात्यातून परत गेले. मी म्हटलं, ठीक आहे, पण वनहक्काच्या पट्ट्यावर बाईचंही नाव आहे, शेत तीच करते, आता तिला सुरू करा. साहेब म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा. नोंदीची मुदत केव्हाच टळली होती, आता वरून आदेश हवा होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“साहेब, पैसे काढून घ्यायला तो मेला, आणि बायकोला द्यायला मेला नाही?”

“तुम्ही अर्ज करा,” ते म्हणाले आणि चहा मागवला.

अर्ज केला. मग पैसे परत गेल्याचं तिला सांगायला गेलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,

“सरकारनं त्याचा दगड पाह्यला का?”

“नाही.”

“मंग मेला म्हून कसं समजलं?”

शासनाची बाजू मांडायचा मला पगार मिळतो, पण मी अर्जाची प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

उन्हाळ्यात गावानंच दगड उभा केला. कुणी तांदूळ आणले, कुणी डुक्कर दिलं, कुणी मोहाची दारू आणली. मलाही निरोप होता. गड्यांनी दगड खांद्यावरून वाहून आणला आणि वाटेच्या कडेला, त्याच्या बापाच्या दगडाशेजारी रोवला. ढोल वाजत होते, बाया मोठ्यानं रडत होत्या.

संध्याकाळी ती घरी आली. भाताचं मडकं उतरवलं, सवयीनं पान घेतलं, थांबली, आणि पान बाजूला ठेवून दिलं. मग भिंतीला टेकून रडली. मी अंगणात, उघड्या दारासमोर उभा होतो, जावं की थांबावं कळत नव्हतं.

डोळे पुसून ती बाहेर आली.

“तो गेला भाऊ. आता घरी नाई. आता माह्या नावानं पाठवा. धानाचा रोवणा मीच करतो न.”

“हो बाई,” मी म्हणालो.

दाखल्याचा आदेश अजून आलेला नाही, हे मी तिला त्या दिवशी सांगू शकलो नाही.