गळता सांधा आवळू नये

घरचा नळ गळायला लागला की तुम्ही काय करता? पान्हा घेता आणि आवळता. आमच्या लालबागच्या चाळीत सगळे हेच करतात, वर सूत गुंडाळून सफेदा फासतात. वायुसेनेत कॉर्पोरल झालो तरी माझ्या हातांना तीच सवय होती.

पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरांत, हेलिकॉप्टर युनिटमध्ये. तिथे ढग हँगरमध्ये चालत यायचे. समोरचं हेलिकॉप्टर विरघळायचं, पुन्हा उमटायचं. कधी वाटायचं, धुक्यापलीकडे आमच्या गल्लीतली मसाल्याची गिरणी सुरू आहे.

त्या सकाळी आदेश आला. सीमेजवळच्या चौकीवर दरड कोसळून नाईक तिलक गुरुंग जखमी झाले होते. त्यांना आणायचं होतं. इंजिन चालवून तपासणी केली. इंधनाच्या नळीच्या सांध्यावर थेंब जमला, पडला. दुसरा जमला. इंजिन बंद केलं.

या नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवलेलं असतं. ते समोरच्या जोडाच्या निमुळत्या तोंडावर चपखल बसतं, नट त्याला धरून ठेवतो. धातूवर धातू. मध्ये सूत नाही, टेप नाही.

मी पान्हा लावला. माझे सीनिअर सार्जंट राणे, ठाकूरद्वारचे, ओरडले, "कांबळ्या, चाळीचा नळ आहे काय रे? ठेव तो!"

पायलट खाली उतरले. "राणे, थोडं टाइट करून निघू."

"नाही सर. खोलावं लागेल."

रेडिओवर चौकी बोलली. "पेशंट शुद्धीवर आहे. निघालात का? ओव्हर."

पायलटनी माइक उचलला. "दुरुस्ती चालू आहे. येतोय. ओव्हर."

राणेंनी सांधा खोलला. फुललेल्या काठाला केसाएवढी चीर होती. आधी कुणीतरी जोर लावून आवळलं होतं. आणखी आवळलं असतं, तर वर आकाशात काठ फाटला असता. नवी नळी बसवली, जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने मापात आवळली, इंजिन चालवून पाहिलं. सांधा कोरडा. हेलिकॉप्टर ढगात शिरलं.

ते परतलं तेव्हा गुरुंग यांचा चेहरा ब्लँकेटने झाकलेला होता. स्ट्रेचर उतरवायला राणेंनी स्वतः हात लावला.

सुट्टीवर आल्यावर चाळीत हे सांगितलं तर शेजारचा बंड्या म्हणाला, "एक आटा मारायचा ना राव! माणूस वाचला असता."

राग येतो तो इथे. वर जाणारे पायलट माणसं नव्हते का? गुन्हा थांबणाऱ्याचा नव्हता. ज्याने आधी गळती खोलून न बघता दाबून टाकली, त्याचा होता.

म्हणून एक मागणं. कारखान्यात, लिफ्टपाशी, कुठेही कोणी म्हणालं, "खोलून बघावं लागेल", तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या बाजूने उभे राहा. आणि थांबलेल्या त्या वेळात नाईक तिलक गुरुंग हे नाव एकदा घ्या.