शिकंज्यातला फोन

पुठ्ठेकाकांनी आयुष्यात एकच नियम पाळला: एकदा बांधलेलं परत सोडायचं नाही. पुस्तकबांधणीत अडतीस वर्षं काढली, हातून चुकाही चिक्कार झाल्या, पण बांधून वाळलेल्या पुस्तकाला त्यांनी कधी सुरी लावली नाही. एका शाळेचं हजेरीपुस्तक त्यांच्याकडून उलटं बांधलं गेलं, तेव्हा त्यांनी हेडमास्तरांना पटवून दिलं की पुस्तक बरोबर आहे, तुम्हीच टेबलाच्या पलीकडे बसा. हेडमास्तर बिचारे रिटायर होईपर्यंत पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. एका वकिलाच्या कायद्याच्या पुस्तकात कोंबड्या पाळण्याची पन्नास पानं शिवली गेली. वकील लालबुंद होऊन आले. काका म्हणाले, "आधी वाचून तर बघा!" आता त्या वकिलांकडे साठ कोंबड्या आहेत आणि कोर्टात ते आठवड्यातून एकदाच जातात.

खुद्द लेकीचीही यातून सुटका झाली नव्हती. दहावीच्या तोंडावर तिचं हॉल तिकीट एका शब्दकोशाच्या पुठ्ठ्याखाली चिकटून गेलं. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं. काकांनी शब्दकोश फाडला नाही. शाळेत गेले, तीन तास ऑफिसबाहेर उभे राहिले आणि दुसरं हॉल तिकीट काढून आणलं. लेक पुढे शिकली, इंजिनिअर झाली, लग्न होऊन चार तासांच्या अंतरावर राहायला गेली, पण ती गोष्ट काही विसरली नाही.

काकू गेल्यापासून काका दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. गेल्या वर्षी शिडीवरून पडले, तेव्हापासून लेकीचा जीव टांगणीला. त्यात काकांच्या बोटांना कायम खळ. ती फोनच्या चार्जिंगच्या भोकात जाऊन जाऊन वाळली आणि एके दिवशी पिनच आत जाईना. फोन दोन दिवस बंद पडला. काका आरामात पुस्तकं शिवत बसले होते, आणि तिकडे लेक घाबरून अर्धी झाली होती. मग तिने नवा फोन आणला. याला पिन लावायची गरजच नव्हती. नुसता गोल तबकडीवर ठेवला की चार्ज होणार. सोबत एक अटही आणली.

"बाबा, रोज संध्याकाळी सातला मी फोन करणार. एकदा जरी बंद लागला, तर कुलूप घेऊन येईन. दुकानाला लावीन आणि तुम्हाला घेऊन जाईन. मग मी काही ऐकणार नाही."

लेकीचं घर मोठं, जावई देवमाणूस, सगळं खरं. पण तिथे ते दिवसभर करणार काय? त्या घरात बांधायला काहीच नव्हतं. होती ती चार पुस्तकं, तीसुद्धा काकांनीच बांधून दिलेली.

तरीही लेकीची पाठ वळताच त्यांनी जे करायचं तेच केलं. नवा फोन असा उघडावाघडा पडलेला त्यांना बघवेना. मागून दुहेरी पुठ्ठा, त्यावर मरून कापड, कोपऱ्यांना चामडं, कॅमेऱ्यापुरतं भोक. बांधणी झाली की नाव छापायचं, हा दुकानाचा रिवाज. या फोनचं नाव काय, यावर त्यांनी अर्धा तास विचार केला आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत छापलं: 'लेक'.

फोन रात्रभर तबकडीवर ठेवला आणि सकाळी पाहिलं, तर बावीस टक्के. दुसऱ्या दिवशी एकोणीस. लेकीशी बोलताना काकांचं अर्धं लक्ष त्या आकड्याकडेच. ती जावयाच्या पाठदुखीचं सांगत होती आणि काका म्हणाले, "सात उरलेत."

शेजारच्या झेरॉक्सवाल्या मावशी स्वतःला मशीनमधलं सगळं कळतं असं समजत. त्यांनी येऊन पाहिलं, तर काकांनी तबकडीला जुन्या रेडिओचा चार्जर जोडलेला. खोक्यातला चार्जर काकांनी जपून ठेवला होता, बांधायला. तो लावला, आणि गाडी सव्वीस टक्क्यांवर गेली. मग मावशी म्हणाल्या, "फोन तबकडीच्या बरोब्बर मध्यावर ठेवायचा असतो." काकांनी कंपास काढून मध्य काढला, पेन्सिलने फुली मारली. एकोणतीस टक्के.

"हे कापडबिपड काढून बघा हो," मावशी म्हणाल्या.

"दुसरं काहीतरी सांगा," काका म्हणाले.

कंपनीच्या मदत क्रमांकावरच्या मुलाचाही तोच हेका.

"सर, कव्हर काढून ठेवा."

"ते निघत नाही."

"कोणत्या कंपनीचं आहे सर?"

"आमचंच."

त्याने काकांना लाईनवर थांबायला सांगितलं. काका चाळीस मिनिटं थांबले आणि त्यात नऊ टक्के गेले.

पण काकाही काही कमी नव्हते. त्यांनी डोकं लढवलं. दोन वस्तू एकमेकींना धरत नसतील तर काय करायचं? दाब द्यायचा! त्यांनी तबकडी आणि फोन उचलून सरळ शिकंज्यात घातले, ज्यात पुस्तकं दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवत त्याच लोखंडी शिकंज्यात, आणि दांडा पिळला. सकाळी पस्तीस टक्के! काकांना आकाश ठेंगणं झालं. आता अडचण एवढीच होती की फोन दिसत नव्हता. तेव्हा त्यांनी वरच्या फळीला पडद्याच्या मापाची खिडकी पाडली. ती सागवानी फळी त्यांच्या वडिलांच्या हातची होती. तिला करवत लावताना काकांनी मागेपुढे पाहिलं नाही, पण बांधणीला हात लावायची गोष्ट निघाली की अंगावर काटा यायचा.

त्या संध्याकाळी सातला लेकीचा व्हिडिओ कॉल आला. काका शिकंज्याच्या दांड्याखालून मान तिरकी घालून खिडकीत डोकावले. लेकीला पडद्यावर दिसलं ते चारही बाजूंनी लाकूड आणि मध्ये बाबांच्या नाकपुड्या.

"बाबा! तुम्ही पेटीत आहात का?"

"नाही गं, कामात आहे."

"मान का वाकडी? पडलात का परत?"

काका उत्तर देणार तोच पडद्यावर अक्षरं उमटली: फोन फार गरम झाला आहे, चार्जिंग थांबवलं आहे. दोन फळ्यांमध्ये आवळलेला तो बिचारा दुपारपासून उकडत होता, आणि सकाळचे पस्तीस टक्केही उतरत आले होते. आकडा दोनचा एक झाला आणि पडदा काळा.

काकांनी मावशींकडे धाव घेतली, पण त्या दुकान बंद करून गेल्या होत्या. आणि लेकीचा नंबर काकांना कुठे पाठ होता? फोनमध्येच तर होता. आता सकाळच्या पहिल्या बसने ती येणार, कुलुपासकट. काकांनी दुकानाकडे एकदा पाहिलं. दोऱ्याची रिळं, खळीचं पातेलं, अर्धवट शिवलेली वह्यांची चवड. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

उजाडल्यावर त्यांनी शिकंजा सैल केला. सुरी घेतली. कापड कापलं, चामडं सोलून काढलं, पुठ्ठा ओढला. बांधणी इतकी पक्की होती की घाम फुटला. आपलंच काम एवढं चांगलं असल्याचा त्यांना जन्मात पहिल्यांदा राग आला. उघडा फोन तबकडीवर ठेवला, तर टक्के भराभर चढायला लागले.

दहाच्या सुमारास लेक दारात. हातात पर्स, पर्समध्ये कुलूप, चेहरा रात्रभर न झोपलेला. काका धडधाकट दिसले तसा तिने आधी मोठा श्वास सोडला आणि मग भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिला टेबलावर फोन दिसला. उघडा, भरलेला. शेजारी फाटलेलं मरून कापड. तिने ते उचललं. सोनेरी 'लेक' मधोमध चिरली गेली होती.

"तुम्ही फाडलंत?"

काका मान खाली घालून बोटांची खळ खरवडत राहिले.

"माझं हॉल तिकीट आत होतं, तेव्हासुद्धा फाडलं नव्हतं तुम्ही."

"त्याची दुसरी प्रत मिळत होती," काका म्हणाले.

लेक स्टुलावर बसली, कापडाचे दोन्ही तुकडे घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि कुलूप काढून टेबलावर ठेवलं.

"तुमच्या दाराचं कुलूप गंजलंय. बाहेर जाताना हे लावत जा. एक चावी माझ्याकडे राहील."

काकांनी कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. नवंकोरं, चकचकीत, आणि अगदी उघडंवाघडं.

"याला जरा कापड लावलं तर..."

"बाबा!" लेक ओरडली.