काखेतले एकोणचाळीस पॉइंट सात

हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येच हसलात तर मी गप्प बसेन. असला मूर्खपणा माणूस घरी, दार लावून करतो. मी तो आयसीयूमध्ये केला. भर दुपारी, सगळ्या स्टाफसमोर!

मी परळच्या एका हॉस्पिटलात मशीनं सांभाळतो. हुद्दा बायोमेडिकल इंजिनियर, पण वॉर्डात सगळे म्हणतात 'मशीनवाला'. मे महिना होता. कॉटन ग्रीनच्या गोदामातले एक हमालकाका उन्हाने चक्कर येऊन पडले होते, ताप एकशे पाच! त्यांना आमचं थंड करणारं मशीन लावलं होतं. म्हणजे कसं, पेशंटच्या अंगाखाली पाण्याची पातळ गादी असते. मशीन त्या गादीतून गार पाणी फिरवतं. आणि अंगाला एक वायर लावलेली असते, तिला प्रोब म्हणतात. ती ताप मोजत राहते.

तर दुपारी आयसीयूच्या इन्चार्ज सुर्वे सिस्टरांचा फोन. "सतीश, मशीन बोंबलतंय आणि गार पाणी बंद झालंय. ये लवकर!"

पळत गेलो. सिस्टरांनी काकांना ओल्या चादरी आणि बर्फाच्या पिशव्या लावल्या होत्या. मशीन बाजूला ओढलं, त्यावर अलार्म होता, पाणी कमी. टाकीत डिस्टिल्ड वॉटर ओतलं, अलार्म गप्प. पाच मिनिटांचं काम!

आता शहाण्या माणसाने मशीन परत पेशंटला लावलं असतं. मी लावलं का? छे! म्हटलं, आलोच आहे तर मशीन ताप बरोबर मोजतंय का, याचीही खात्री करून घेऊ. ते तपासायचं यंत्र तळमजल्यावर. सकाळपासून अंग जड, डोकं ठणकत होतं, चार जिने कोण उतरणार? मी एक नवा प्रोब मशीनला जोडला आणि सरळ स्वतःच्या काखेत घातला. चांगला धडधाकट माणूस मी! मशीन सेल्सियसमध्ये मोजतं, छत्तीस-सदतीस दाखवेल, विषय संपला.

मशीन किंचाळलं! 'पेशंटचा ताप जास्त.' आकडा, एकोणचाळीस पॉइंट सात!

मी उडालोच. पेशंट कुठाय इथे? पेशंट पलीकडे पलंगावर!

"सिस्टर, प्रोब गेलाय. दुसरा द्या."

दुसरा लावला. एकोणचाळीस पॉइंट सात. तिसरा लावला. एकोणचाळीस पॉइंट आठ!

"म्हणजे प्रोब नाही, मशीनच गेलंय," मी जाहीर केलं. "ऑपरेशन थिएटरमधलं दुसरं मागवा."

"अरे, किती वेळ लावतोस? काका तापतायत इकडे," सिस्टर म्हणाल्या.

"चुकीचा ताप दाखवणारं मशीन लावू का त्यांना? जबाबदारी कोणाची?" मी आवाज चढवला. काय तो माझा रुबाब!

दुसरं मशीन आलं. काखेत प्रोब, बटण चालू. एकोणचाळीस पॉइंट आठ!

आता मात्र मला घाम फुटायला हवा होता, पण फुटली थंडी. दात वाजायला लागले. मी वॉर्डबॉयला ओरडलो, "एसी किती ठेवलाय रे? माणसं आहेत की मासे?"

तो म्हणाला, "साहेब, चोवीस आहे."

"मग एसी पण खराब आहे!"

कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला. बिचारा माटुंग्यात जेवायला बसला होता.

"दोन्ही मशीनं एकदम कशी जातील सर?"

"ते तुम्ही सांगा! तीन प्रोब बदलले मी."

"पेशंटला खरंच ताप नसेल ना?"

"अहो, पेशंटला लावलंच नाहीये, माझ्या काखेत आहे!"

 तो हळूच म्हणाला, "सर, मग तुम्हाला..."

"मला काय विचारता? मशीनचं बोला!" आणि मी फोन कापला. वर दोन्ही मशीनांवर 'नादुरुस्त, वापरू नये' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. सही करताना हात थरथरत होता. मला वाटलं, रागाने.

तेवढ्यात डॉक्टर मॅडम आल्या. काकांकडे बघितलं, चिठ्ठ्यांकडे बघितलं. "पाऊण तास झाला! माझा पेशंट बर्फावर आणि दोन-दोन मशीनं बंद? कोणी केलीत बंद?"

मी पुढे झालो आणि सगळं समजावू लागलो. बोलता बोलता भिंत धरली. सुर्वे सिस्टर माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्या एकदम पुढे आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावला. बाई एरवी शुद्ध बोलतात, पण घाबरल्या की थेट मालवणात पोचतात.

"अरे देवा! मॅडम, मशीनाक काय्येक झाला नाय. ह्याकाच ताप इलोहा!"

 मॅडमनी दोन्ही चिठ्ठ्या फाडल्या, पहिलं मशीन स्वतः ढकलत नेऊन काकांना लावलं. संध्याकाळपर्यंत काका शंभरवर आले, बायकोला हाक मारून पाणी मागितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्यांना काही झालं असतं तर? 

मला मात्र तिथेच स्टुलावर बसवलं होतं. नंतर रक्त तपासलं, मलेरिया निघाला. पण ते नंतर. त्या क्षणी सिस्टरांनी साधा थर्मामीटर काढला, झटकला आणि माझ्या काखेत दिला. बाहेर काढून मॅडमना दाखवला. एकशे तीनच्या वर!

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, बारा वर्षं अनुभव असलेला इंजिनियर, काय बोललो असेन?

म्हणालो, "सिस्टर, हा थर्मामीटर पण गेलाय. दुसरा आणा."