वानवळ्याचा कागद

बोरी बुद्रुकला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवरा नवी तार भरतो, आणि तारेभोवतीचा इन्सुलेशनचा कागद मी बनवते. घायपाताच्या वाखाचा, वॉर्निशमध्ये मुरवलेला, पाण्यातही टिकणारा, मोटार तापली तरी न जळणारा! सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं, म्हणून मी पेटंटला अर्ज केला.

पण अर्जाच्या आधीच सासूबाईंनी पहिल्या थप्पीचा वानवळा वाटला होता. नवं पीक आलं की पहिल्यांदा सोयऱ्याधायऱ्यांना द्यायचं, मग कागदाचा वानवळा का नको, असं त्यांचं म्हणणं. मीही म्हटलं, द्या, फक्त मोटारीत बसवा आणि हंगाम सरल्यावर टिकला का ते कळवा, असं सांगा. वानवळ्याचे डबे पार येडगाव, आणे या गावांपर्यंत गेले.

नेमकं तेच नडलं. एका कंपनीनं हरकत घेतली की हा कागद अर्जाआधीच लोकांच्या वापरात होता, मग नवा कसला? पेटंट ऑफिसनं अर्ज फेटाळला. मी तर रागानं लाल झाले आणि लगेच हायकोर्टात अपील ठोकलं. सासूबाईंचं मात्र जेवणावरचं मन उडालं. आपल्या हातानं सुनेचं नुकसान झालं, हेच त्यांनी मनाशी धरलं.

सुनावणी दुकानातल्या लॅपटॉपवर पाहिली. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, अर्जाआधीच्या वर्षभरात निव्वळ चाचणीसाठी चारचौघांत वापर झाला, आणि त्यावाचून चाचणीच होत नसेल, तर नवेपण जात नाही. खोल विहिरीतली मोटार काय घरच्या बादलीत तपासणार? मग त्यांनी मोटारींतून काढलेले कागद दाखवले. लोकांनी ते परत का पाठवले, असं न्यायमूर्तींनी विचारलं. वानवळ्याचा डबा आमच्याकडे रिकामा परत करत नाहीत, हे वकीलबाईंकडून ऐकून ते चक्क हसले. परत आलेल्या डब्यांत शेंगांबरोबर हे कागदही आले होते, आणि पैसा कुणीच दिला नव्हता.

निकाल आला. फेटाळणी रद्द! वापर चाचणीपुरताच होता, बाकीचं ऑफिसनं पुन्हा तपासावं. मी पळतच घरी गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या.

"म्हंजी माझ्यानं वाटोळं न्हाई झालं?"

"नाही, आत्या. तुम्ही वाटला म्हणून तर तो टिकतो हे कळलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. अजून पेटंट मिळालं नाही, ऑफिसवाले पुन्हा तपासणार, हेही मी सांगून टाकलं.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "तपासू दी की. न्हाई जळत त्यो."