शेंदूर लावलेले स्प्रिंकलर

आमच्या वाचनालयाच्या छताला स्प्रिंकलर बसणार हे कळलं तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हणाले, "इथं काय हरभरा पेरायचाय?" स्प्रिंकलर म्हटलं की मला शेतात पाणी उडवणारेच ठाऊक. निजामाच्या काळातली दगडी इमारत, वर सागवानी छत, कपाटांत मराठी-उर्दू पुस्तकं, आणि त्यांच्या डोक्यावर पाण्यानं भरलेले नळ! मी ग्रंथपाल. मला आगीपेक्षा पाण्याचंच भय वाटायचं.

आमचे शिपाई मात्र खूश होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं. तरुणपणी ते सेलूच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते आणि तिथं कापसाची गंजी पेटलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. "बाई, भिजल्यालं पुस्तक उन्हात वाळवता येतंय," ते मला म्हणाले. "जळल्यालं कसं वाळवणार?" मी रजिस्टर उघडून बसले.

नांदेडहून आलेल्या फिटरनं नळ टाकले आणि आम्हाला समजावून सांगितलं. प्रत्येक तोंडाशी एक काचेची बारीक नळी असते, आत लाल द्रव. खाली आग लागली की उष्णतेनं ती नळी फुटते, झाकण पडतं आणि तेवढ्याच जागी पाणी सुटतं. बाकीची तोंडं बंदच राहतात. माझा राग निवळला. मामांची मात्र भक्तीच जडली. दुपारी वाचक पांगले की ते बाकावर बसून वर बघत राहायचे. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. तीस वर्षं त्यांनी ही इमारत लेकीसारखी सांभाळली, आणि आता ती कुणाच्या हाती द्यायची हा त्यांना घोर होता. "आता बिनघोर जातो," ते म्हणाले. "माझ्या माघारी हे राखण करायलेत."

त्या वर्षी खंडेनवमीला मामा शिडी घेऊन आले. जिनिंगमध्ये त्या दिवशी यंत्रांची पूजा व्हायची, ती सवय त्यांनी इथंही सोडली नव्हती. एरवी कुलपं, कात्री, बाइंडिंगचा दाभण एवढ्यावर भागायचं. या खेपेला ते थेट छताशी चढले. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर होता. "कुंकू झडून जातंय बाई, शेंदूर लय टिकतो," म्हणाले, आणि एकेका स्प्रिंकलरला बोटानं टिळा लावत गेले. शिडी मी धरली होती.

थंडीत फिटर तपासणीला आला, वर बघितलं आणि त्याचं तोंडच उतरलं. "हे कुणी केलं?"

"म्या," मामा म्हणाले. "एकट्यानं. बाईला ठावं बी न्हाई."

तेव्हा मी बोलले नाही याची मला आजही लाज वाटते. तीस वर्षांत मामांना कुणी उणा शब्द बोललं नव्हतं, आणि तो पोरगेला फिटर आता त्यांचं नाव वाचनालयाच्या समितीला कळवणार होता.

रागावला तरी तो माणूस वाईट नव्हता. त्यानं नळांतलं पाणी सोडून देऊन एक शेंदरी स्प्रिंकलर काढला, पेटीतला एक कोरा घेतला आणि आम्हाला अंगणात नेलं. कोऱ्याखाली शेगडी धरली. टच् करून नळी फुटली आणि झाकण खाली पडलं. मग शेंदरी धरला. बराच वेळ काही झालं नाही. शेवटी नळी फुटली, पण झाकण जागचं हललं नाही. वाळलेल्या शेंदरानं ते गच्च धरून ठेवलं होतं.

मामा तिथंच उकिडवे बसले. खांद्यावरच्या रुमालात तोंड घालून म्हणाले, "आग लागली असती तर म्याच जाळली असती की हो सगळी."

मी फिटरला म्हणाले, "माझंही नाव लिहा. शिडी मी धरली होती."

मामांनी मान वर केली. डोळे लाल, पण आवाज ठाम. "शिडी धरणाऱ्याचं ध्यान खाली असतंय साहेब. बाई खालीच बघत हुत्या. त्येंचा काय बी दोष न्हाई."

"मी वर बघत होते," मी म्हणाले. "दर टिळ्यानंतर मामा डोळे मिटून हात जोडायचे. मला ते फार गोड वाटत होतं. ते खाली उतरायला लागले, तेव्हा मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, मामा, तो कोपऱ्यातला राहिला."