उस्मानचाचांचं रबरी फुप्फुस

वर्कशॉप रोज झाडलं तरी कोपऱ्यात लोखंडाचा भुगा साठतोच. दिग्रसच्या उस्मानचाचांच्या दुकानातल्या गोष्टी माझ्याजवळ तशाच साठल्यात. मी तिथं जिनिंगच्या मशिनींचे कॅनव्हासचे पट्टे शिवत असे. शाळा पाहिली नाही. मशीन उघडून मशीन शिकले. आज तिथं मोबाइल विकतात. विकोत!

*

साठ-एकसष्टची गोष्ट. चाचांनी नागपूरच्या भंगारातून फौजी पाणबुड्यांचा, पाण्याखाली श्वास घ्यायचा जुना सेट आणला. रबरी पिशवी, पत्र्याचा डबा, नळी, छोटं सिलिंडर. म्हणाले, विहिरीत पडलेले पंप काढू.

चाचींनी सेट उलटसुलट करून पाहिला. "यानं पंप निघते, का माणसाचा जीव?"

मी तिथंच सांगून टाकलं, पाण्यात मी जाणार. माझ्यासारखं पोहणारा गडी गावात नव्हता. चाचा म्हणाले, लोक काय म्हणतील.

"लोक खाली येऊन राह्यले काय?"

*

पिशवी कुजलेली होती. मी ट्रकची ट्यूब कापून, पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवून नवी केली. चाचा तिला फुप्फुस म्हणू लागले. ती फुगवून तिच्यावर चाचींना बसवलं. हवा गळते का ते ऐकायला चाचा जमिनीवर कान लावून बसले. बराच वेळ बसले.

चाची म्हणाल्या, "निकाहानंतर इतका वेळ माझ्याजवळ आज बसले!"

*

डब्यात चुना लागतो. सोडलेला श्वास त्यातून जातो, चुना खराब हवा खातो, श्वास पिशवीत परत येतो. सिलिंडरमधून थोडा वेल्डिंगचा ऑक्सिजन मिळाला, की झालं.

चाचांनी पानाचा चुना वाळवून, वस्त्रगाळ करून ठासून भरला. फुंकताना डोळे बाहेर आले, पण श्वास पलीकडे जाईना! मी चुना भिजवला, शेवेच्या सोऱ्यातून पाडला, वाळवून तुकडे केले. श्वास सुळकन गेला.

आई सोऱ्याकडे पाहत राहिली. "आता दिवाळीची शेव कायच्यातून पाडू? फुप्फुसातून?"

*

मग जिनिंगवाल्या शेठच्या विहिरीत पंपाच्या पाइपाच्या तळाचा फूटवॉल्व्ह पडला. मी सेट छातीवर बांधला, तेव्हा चाचा आडवे आले.

"तुले काही झालं तर तुह्या आईले काय तोंड दाखवू?"

मी कमरेला दोर बांधला आणि पायऱ्या उतरू लागले.

काठावर अर्धा बाजार जमला होता. चाचा प्रत्येकाला धरून समजावत होते: श्वास पिशवीतच फिरतो, वर एकही बुडबुडा येणार नाही, कोणी घाबरायचं नाही.

खाली गार, हिरवं, शांत. इतकी शांतता मला वर कुणी दिली नव्हती. गाळात फूटवॉल्व्ह दिसला. हात लावणार, तोच वरून धबकन काहीतरी कोसळलं.

चाचा! पायजमा फुगलेला, हातपाय चारी दिशांना. आपल्याला पोहता येत नाही, हे त्यांना पाण्यात पडल्यावर आठवलं असावं.

मी फूटवॉल्व्ह सोडला, त्यांची कॉलर धरली आणि ओढत पायरीवर आणलं. पोटातलं पाणी निघालं. डोळे उघडून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रागानं विचारलं,

"बेटी, बुडबुडे काहून नाही आले?"