टेलरकाकूंचा केळ्यांचा केक

टेलरकाकू केकची कृती सांगताना एक जिन्नस गिळतात, अशी कुजबुज गल्लीत बरीच वर्षं होती. कुणी म्हणे लिंबाचा रस, कुणी म्हणे चहाचं पाणी. समोरच्या सलूनवाल्याची बायको तर छातीठोक सांगायची, की त्या पिठात शिळा पाव कुस्करतात. "तुम्ही पाहिलंत?" असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "पाहायला कशाला हवं? कळतं!"

खरं तर काकूंच्या पोटात काही राहायचं नाही. गळ्यात टेप, बोटात शिवणाचं टोपण, पाय मशीनवर आणि तोंडाचा पट्टा मशीनहून जोरात. ब्लाउज सैल करायला आलेली बाई कृती ऐकल्याशिवाय सुटायची नाही. "तीन काळी पडलेली केळी कुस्कर. दोन वाट्या मैदा, वाटीभर साखर, अर्धी वाटी तेल, दोन अंडी, चमचाभर बेकिंग पावडर. ओव्हन दोनशेवर. आणि सारखं दार उघडून डोकवायचं नाही, तो काही नवरदेव नाही!"

बायका घरी जाऊन तंतोतंत तसंच करायच्या आणि वरून कोळसा, आतून चिखल असा ऐवज बाहेर काढायच्या. काकूंच्या घरचा मात्र सोनेरी, कापसासारखा. एखादीच्या हाताला गुण असतो म्हणून काकू मनातून खूशच होत्या. पण मग कुजबुज सुनेच्या कानावर गेली.

मुलगा-सून दोन गल्ल्या सोडून राहायचे. सुनेचा केक तिच्या माहेरच्या माणसांसमोर करपला, तेव्हा ती थेट आली.

"आई, खरं सांगा. काय सांगायचं राहिलं?"

"अगं, सगळं सांगितलं."

"मग माझाच का करपतो?"

"तुझा हात घाईचा असेल."

झालं! त्यानंतर रविवारचं जेवण बंद पडलं. आधी सुनेचं डोकं दुखलं, मग नातीचा अभ्यास निघाला. नात अजून अक्षरं गिरवत होती, पण अभ्यास तो अभ्यास. काकू सवयीनं पाच जणांचं सूप आणि बटाटे करत राहिल्या आणि म्हातारा-म्हातारी तेच मंगळवारपर्यंत गिळत राहिले.

काकूंना आपलाच भरवसा वाटेना. नकळत काही जास्तीचं पडतं की काय? त्यांनी काकांना स्वयंपाकघरात बसवलं. "अहो, माझ्या हातांकडे बघा. काही टाकते का मी?"

काका बघत राहिले. "टाकतेस."

"काय?"

"उसासे."

शेवटी काकू आपली वाटी, आपला मैदा, आपली केळी पिशवीत घालून सुनेच्या घरी गेल्या. तिच्यासमोर मिश्रण केलं, ओव्हन दोनशेवर लावला आणि ऐटीत बसल्या. केक निघाला तो काळाठिक्कर.

"वा!" सून म्हणाली. "कृती सांगायची नाही म्हणून मुद्दाम बिघडवून दाखवलात? एवढं जिवावर आलं?"

काकू पिशवी उचलून तडक निघाल्या. घरी आल्या आणि खोचलेला पदर न सोडता पुन्हा केक केला. उत्तम झाला. तेव्हा मात्र त्या घाबरल्याच.

दुसऱ्या दिवशी सून विसरलेली वाटी द्यायला उंबऱ्याशी आली. काकूंनी तिला हाताला धरून आत ओढलं. "तू कर. इथे. मी बोटसुद्धा लावत नाही." आणि खरोखर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसल्या. सुनेनं फणकाऱ्यानं केळी कुस्करली, पीठ आपटलं, दार आदळलं.

केक सोनेरी झाला, कापसासारखा.

दोघी एकमेकींकडे चोर सापडल्यासारख्या बघत राहिल्या, पण चोर कोण तेच कळेना. सून ओव्हन बंद करायला गेली, तर बटणच तिच्या हातात आलं.

"हळू, हळू!" वासावर आलेले काका ओरडले. "ते निघतं तसं. पंख्याचं आहे ते."

"पंख्याचं?" दोघी एका सुरात.

"जुनं फुटलं तेव्हा पंख्याच्या रेग्युलेटरचं बसवलं की मी! रेघ थोडी पुढे येते, एवढंच. ओव्हन तापतो ना?"

काकूंनी पत्र्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "अहो, मग मी इतकी वर्षं दोनशेवर भाजतेय ते किती?"

"ते मला काय ठाऊक? केक तू करतेस."

सून खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग घरी जाऊन आच कमी कमी करत तिनं चार केक वाया घालवले. पाचवा, एकशे साठवर जमलेला, घेऊन रविवारी सगळे जेवायला आले. काकूंनी घास चावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हात घाईचाच आहे, पण जमलाय."

सलूनवाल्याची बायको अजून शिळ्या पावावर ठाम आहे. पण काकू काहीही लपवत नव्हत्या. त्यांच्या ओव्हनला पंख्याचं बटण होतं आणि त्यांचं दोनशे म्हणजे एकशे साठ होतं.